आमच्या गांवाचें वय

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां नवव्या इयत्तेच्या वर्गांत आम्हीं एक साधा प्रश्न विचारला. तुम्ही ज्या गांवांत राहतां त्याचें वय किती? बहुतेक हात एकदम वर झाले. कोणी पन्नास वर्षें म्हणाला, कोणी पंचावन्न. एका चुणचुणीत मुलीनें तर १७ मार्च १९७० ही तारीखच सांगून टाकली. त्या दिवशीं सिडको ही संस्था स्थापन झाली, म्हणून त्या दिवशीं नवी मुंबई जन्मास आली, असा तिचा हिशेब होता. परीक्षेंत ह्या उत्तरास पुरे गुण मिळाले असते. परंतु मागच्या बांकावरील एका मुलानें हात वर केला नव्हता. त्यास उभें केलें तेव्हां तो संकोचून म्हणाला, "सर, आमचं घर त्याच्या आधीचं आहे. मग आमचं गाव कशांत मोजायचं?" वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण पंधरा वर्षें इतिहास शिकवूनही त्या प्रश्नास देण्याजोगें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. मुलाचें घर करावें गांवांत आहे. पुढील चार शब्द त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहेत, असें समजावें.

छापील इतिहास थोडक्यांत असा. मुंबईची गर्दी हलकी करण्यासाठीं खाडीच्या पलीकडे नवें नगर वसवावें, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्या तिघांनीं मांडली. १९७० सालीं सिडको आली, आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांची सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमि नव्या नगरासाठीं नकाशावर आंखण्यांत आली. वाशीचा पहिला पूल १९७३ त झाला. १९९२ सालीं आगगाडी वाशीस पोंचली आणि त्याच वर्षाच्या आरंभीं महानगरपालिका कामास लागली. एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण वाचतांना '९५ गांवें' हा आंकडा आला कीं आपली दृष्टि त्यावरून घसरून पुढच्या वाक्यावर जाते. वास्तविक थांबावें तें तेथेंच. ९५ गांवें म्हणजे तितकेच पाणवठे, तितकेच होळीचे माळ, आणि शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं कितीतरी भांडणें. नवें नगर रिकाम्या जागेवर वसलें असें जें आपण बोलतों तें बोलण्याच्या सोयीपुरतें खरें आहे.

मग येथें काय होतें? पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि मध्यें चिंचोळी पट्टी. डोंगराच्या पायथ्याशीं गोडी जमीन, खाडीच्या बाजूस खारी, आणि त्याही पलीकडे तिवरांचें रान व चिखल. ह्या तीन प्रकारच्या भुईवर तीन प्रकारचे उद्योग चालत. भात पिके, मीठ पिके आणि मासळी मिळे. आगरी हें नांवच 'आगर' म्हणजे मीठ पिकविण्याची जागा ह्या शब्दावरून आलें असें मानितात. कोळी खाडीवर जगत. चिखलांतील निवट्या व चिंबोरी, भरतीबरोबर येणारा बोय आणि पावसाळ्यांत घरोघर ज्याची वाट पाहिली जाई तो जिताडा, हीं नांवें आमच्या वर्गांतील निम्म्या मुलांस आज ठाऊक नाहींत, आणि उरलेल्या निम्म्यांच्या तोंडास त्यांच्या आठवणीनें पाणी सुटतें. एकाच बांकावर बसणाऱ्या मुलांमध्यें एवढें अंतर असावें, हेंही विचार करण्याजोगें आहे.

मिठागराची रीत मुलांनीं मुद्दाम विचारून घ्यावी, कारण तींत भूगोल, पदार्थविज्ञान आणि माणसाची मेहनत हीं तिन्ही एकत्र आहेत. पाऊस सरला कीं बांध दुरुस्त करीत. उधाणाच्या भरतीचें पाणी आधीं मोठ्या खाचरांत घेत. तेथें कांहीं दिवस ऊन व वारा खाऊन तें दाट झालें म्हणजे लहान खाचरांत सोडीत. आणि शेवटीं ज्या चौकोनी वाफ्यांची भुई पायांनीं तुडवून व ठोकून फरशीसारखी घट्ट केलेली असे, त्यांत तें उतरे. मोकळ्या समुद्राच्या एक हजार शेर पाण्यांत सुमारें पस्तीस शेर क्षार असतो. बाकीचें पाणी उडवून लावण्याचें काम सूर्य फुकट करी, परंतु तोंवर उन्हांत उभें राहण्याचें काम माणसास करावें लागे. मिठाचा थर धरला कीं लांब दांड्याच्या लांकडी फळीनें तो ओढून बांधावर रास घालीत आणि पहिल्या पावसाआधीं ती गवतानें शाकारीत. वळवाचा पाऊस लवकर आला तर महिन्यांची मेहनत एका रात्रींत विरघळून जाई. आपण जेवतांना मीठ चिमटीनें घेतों, म्हणून तें हलकें वाटतें.

खाऱ्या जमिनींत भात पिकविण्याची युक्ति त्याहून कौतुकाची. भरतीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून खाडीच्या कांठानें मातीचा बांध घालीत. पण पावसाचें पाणी बाहेर कसें जावें? त्यासाठीं बांधांत एक दार ठेवीत. त्यास 'उघाडी' म्हणत. ओहोटीस आंतल्या पाण्याच्या जोरानें तें बाहेर उघडे, भरतीस बाहेरच्या पाण्याच्या जोरानें आपोआप मिटे. आतां नगर वसविणाऱ्या तज्ज्ञांपुढेंही हाच प्रश्न उभा राहिला. नव्या वसाहतींचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीं आहे. भर पावसांत भरती आली तर पाणी जावें कोठें? तेव्हां धारण तलाव खणण्यांत आले. भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी तेथें सांठावें, ओहोटी लागतांच झडपांच्या दारांतून खाडींत जावें, अशी योजना आहे. तिला डच पद्धत म्हणतात, आणि हॉलंडच्या लोकांनीं ही विद्या फार मोठ्या प्रमाणावर वाढविली हें खरेंच आहे. परंतु झडपेचें तत्त्व आमच्या मुलांच्या पणजोबांस माहीत होतें, आणि त्यास एक सुटसुटीत मराठी शब्दही होता. 'आगर' आणि 'खाजण' हे शब्द मोल्सवर्थसाहेबांच्या कोशांत नोंदलेले आहेत. मुलांनीं तो ग्रंथ वाचनालयांतून काढून पाहावा. कोशांत शब्द राहिला म्हणजे तो जिवंत राहिलाच असें नव्हे, पण निदान त्याचा पत्ता तरी राहतो.

शब्दांवरून नांवांकडे येऊं. रिक्षावाल्यास 'वाशी' म्हटलें तर तो स्टेशनाकडे किंवा सेक्टरांकडे नेईल. जुन्या वस्तींत जावयाचें असल्यास 'वाशीगांव' असें सांगावें लागतें. नेरूळ आणि नेरूळगांव ह्यांचेंही तेंच. ज्याचें नांव मूळचें, त्यानेंच आपल्या नांवास शेपूट लावून ओळख पटवावी, हा कालाचा न्याय मोठा विचित्र खरा. सीवूड्स स्टेशनाच्या नांवाशीं दारावें हें गांवाचें नांव जोडलेलें दिसतें. खांदेश्वर स्टेशनांत खांदा गांवाची खूण उरली आहे. पण कामोठ्याजवळचें स्टेशन मानसरोवर झालें, आणि हिमालयापलीकडील सरोवराचें नांव पनवेलच्या वाटेवर येऊन बसलें. ह्यांत कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. नव्या नांवासही कालांतरानें आठवणी चिकटतात. मात्र पाटीवरील प्रत्येक नांव पाहून 'हें मूळचें कीं आणलेलें?' असें मनांत विचारण्याची संवय मुलांनीं लावून घ्यावी.

बेलापुराचें उदाहरण ह्या दृष्टीनें फार बोलकें आहे. बेलापुरास लागून शहाबाज नांवाचें गांव आजही आहे. पोर्तुगीजांनीं हें नांव आपल्या जिभेस मानवेल तसें वळवून 'सबायो' केलें. पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं असलेला किल्ला सिद्दी व पोर्तुगीज ह्यांच्या हातून फिरत राहिला, १७३३ सालीं चिमाजी आप्पांनीं तो पोर्तुगीजांपासून घेतला, आणि १८१७ त तो इंग्रजांकडे गेला. किल्ला सर झाल्यास जवळच्या अमृतेश्वरास बेलाच्या पानांची माळ वाहीन असा नवस आप्पांनीं केला होता, व त्यावरून बेलापूर हें नांव पडलें, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. ती कथा म्हणूनच लिहून घ्यावी. आज किल्ल्याचे कांहीं अवशेष उरले आहेत, आणि त्याच्या बाजूच्या वस्तीस किल्ले गांवठाण म्हणतात. आमचीं कित्येक मुलें रोज त्या चौकांतून बसनें जातात. त्यांतील किती जणांनीं 'किल्ले' हा शब्द ऐकून किल्ला कोठें आहे असें विचारलें असेल? आम्हीं विचारलें तेव्हां दोघांनीं हात वर केले.

येथें थोडें दूर देशीं जाऊन येऊं. आयर्लंडमध्यें १९३७ ते १९३९ ह्या काळांत तेथील लोककथा-मंडळानें प्राथमिक शाळांतील मुलांवर एक काम सोंपविलें. मुलांनीं घरीं जाऊन आजीआजोबांस व शेजाऱ्यांस विचारावें आणि जें ऐकतील तें आपल्या वहींत उतरून आणावें. जुनीं घरें, विहिरी, औषधें, खेळ, दुष्काळाच्या आठवणी, सर्व कांहीं. सुमारें ५,००० शाळांतील सुमारें ५०,००० मुलांनीं हें काम केलें. त्या वह्या आज त्या राष्ट्राचा ठेवा मानल्या जातात. पण त्या योजनेंत एक उणीव राहिली. डब्लिन, कॉर्क अशा मोठ्या शहरांतील शाळा तींतून वगळण्यांत आल्या होत्या. जुन्या आठवणी खेड्यांत असावयाच्या, शहरांत कसल्या, अशी तेव्हांची समजूत दिसते. पुढें १९९६ सालीं कॉर्क शहराच्या उत्तर भागांतील लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचें काम सुरू झालें. त्या भागांत एके काळीं लोण्याचा जगप्रसिद्ध बाजार होता. खेड्यापाड्यांतून लोण्याचीं पिंपें गाड्यांवर लादून तेथें येत, व तेथून जहाजांनीं दूरदेशीं जात. १९२४ सालीं तो बाजार बंद झाला. त्याच भागांतील शँडनच्या देवळाच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारा एक मोठा सोनेरी मासा आहे. (आमच्या कोळीवाड्यांतील मुलांस ही गोष्ट सांगितली तेव्हां तो मासा कोणत्या जातीचा, असा पहिला प्रश्न आला. तो रावसासारखा दिसणारा सामन आहे.) शहरालाही आठवण असते, फक्त ती गल्लीगल्लींत वांटलेली असते, हें तेथील लोकांनीं उशिरां ओळखलें. आमच्या नगराविषयीं तर आपण ह्याच्याही पुढें गेलों आहों. 'नवी' ह्या विशेषणानें आपण त्याची आठवणच रद्द केली आहे.

ख्रिस्ती मुलांस यहोशवाच्या पुस्तकांतील गोष्ट ठाऊक आहे. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून गेले तेव्हां नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून त्यांनीं मुक्कामाच्या ठिकाणीं मांडले. कशासाठीं? पुढें मुलांनीं हे धोंडे कसले म्हणून विचारावें, आणि वडिलांनीं सांगावें, ह्यासाठीं. ह्या गोष्टींतील एक बारकावा आमच्या ध्यानांत फार उशिरां आला. धोंडे स्वतः बोलत नाहींत. मुलानें विचारलें नाहीं, तर ते नुसते धोंडे.

असे धोंडे आपल्याकडेही आहेत. उरण तालुक्यांत चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार झाला व माणसें मेलीं. तेथें त्यांचें स्मारक आहे. जासई येथेंही एक स्मारक आहे, पण तें परक्या सरकारच्या काळचें नव्हे. घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर आले असतां १६ व १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवशीं पोलिसांचा गोळीबार झाला आणि पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे जासईचेच. जन्म १९२६, मृत्यु २०१३. पुढें संपादित जमिनीच्या बदल्यांत साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची जी योजना आली, तिच्या मुळाशीं हा लढा आहे. आमच्या वर्गांतील ज्या मुलांचे आईबाप नोकरीनिमित्त येथें आले, त्यांच्या कानांवर 'साडेबारा टक्के' हे शब्द केवळ घरांच्या जाहिरातींतून पडलेले असतात. ज्या इमारतींत ते राहतात ती कोणत्या शेतावर उभी आहे, हें त्यांनीं विचारावें. त्यांत त्यांस शरमिंदें करण्याचा हेतु नाहीं. शेजारधर्माची सुरुवात शेजाऱ्याचें ऐकून घेण्यापासून होते, इतकेंच.

हें सर्व फार जुनें आहे असेंही नाहीं. नवा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन होऊन त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं प्रवाशांसाठीं खुला झाला. त्यासाठीं उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यांत आली, नदीचा प्रवाह वळविण्यांत आला आणि दहा गांवें उठलीं. तरघर, कोंबडभुजें, वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही हीं त्यांतील कांहीं नांवें. विमान पाहण्यास आम्हीही मुलांबरोबर गच्चीवर गेलों होतों. तें सुंदर दिसतें ह्यांत शंका नाहीं. पण टेकडीसच सपाट केल्यावर टेकडीवरून काय दिसत असे हें सांगणारीं माणसें तेवढीं उरलीं आहेत, आणि तीं आतां निरनिराळ्या वसाहतींत पांगलीं आहेत.

म्हणून गेल्या वर्षीं नवव्या इयत्तेनें आयर्लंडच्या मुलांप्रमाणें वह्या घातल्या. नियम थोडे होते. ऐकलेलें सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावें, आपल्या शब्दांत सजवूं नये. साल आठवत नसेल तर 'पूल व्हायच्या आधीं', 'थोरल्याच्या लग्नाच्या वर्षीं' असें जसें सांगतील तसेंच टिपावें. त्यावरून साल मागाहून काढतां येतें. एकाच्या सांगण्यावर गोष्ट पक्की धरूं नये. मोशेच्या नियमशास्त्रांतही एका साक्षीदारावर निकाल देत नाहींत. शिवाय पुस्तकांशीं ताडून पाहावें. १८८२ चें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर ह्या कामीं उपयोगी पडतें. त्या वेळीं पनवेलही ठाणें जिल्ह्यांतच होतें, हें न विसरतां चाळावें. मात्र पुस्तक आणि माणूस ह्यांचा मेळ बसला नाहीं, तर माणूसच चुकला असें घाईनें ठरवूं नये. हा शेवटचा नियम आम्हीं मागाहून घातला, आणि तो कां घालावा लागला तेंही सांगणें प्राप्त आहे.

दिवाळें गांवच्या एका मुलीनें दिवाळीच्या सुटींत आपल्या आजीपाशीं बसून दोन पानें लिहून आणलीं. आजी तरुणपणीं मासळीची पाटी घेऊन पहांटे होडीनें 'तुर्भ्यास' जात असे, असें त्यांत होतें. आम्हीं तें वाक्य तांबड्या शाईनें अधोरेखित केलें आणि समासांत लिहिलें, 'तुर्भें जमिनीवर आहे. पायीं जातां येतें. पुन्हां विचारून ये.' मुलगी कांहीं बोलली नाहीं. नाताळच्या सुटींत विचारतें म्हणाली. पुढें एके दिवशीं मुंबईचा जुना नकाशा चाळीत असतां आमच्या लक्षांत आलें कीं खाडीच्या पैलतीरावरील ज्या गांवास इंग्रजींत ट्रॉम्बे म्हणतात, त्याचेंही मराठी नांव तुर्भें. एका खाडीच्या दोन कांठांवर दोन तुर्भीं. आजी पैलतीरावरील तुर्भ्यास जात होती, आणि अर्थातच होडीनें जात होती. आम्हीं वही परत मागविली, तांबडी रेघ खोडली, आणि खालीं 'आजींचें बरोबर आहे' असें लिहून सही केली. त्याखालीं विचारावयाचे आणखी चार प्रश्न मांडले. होडी कोणत्या धक्क्यावरून सुटे? परतीची भरती चुकली तर रात्र कोठें काढीत? मासळी पैशांनीं विकीत कीं धान्यावर? बरोबर कोण कोण असे?

वही मुलीच्या हातीं दिली तो जानेवारीचा दुसरा आठवडा होता. आजी नाताळानंतर तापानें अंथरुणास खिळल्या होत्या. त्या महिनाअखेर वारल्या. वही आतां वाचनालयाच्या कपाटांत बाकीच्या वह्यांबरोबर आहे. चार प्रश्नांपुढील जागा कोरी आहे. त्यांच्या बरोबरीच्या दोन बाया दिवाळ्यांत अजून आहेत असें मुलगी सांगते, आणि येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर ती व करावें गांवचा तो मुलगा त्यांच्याकडे जाणार आहेत.